बॅच उतरली

केरू मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याला मी आवडले नाही हे तर त्याने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं.

"बाई, तुमचं वय काय?" त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

"तेवीस."

"मी तीन नंबरच्या रिअॅक्टरवर अठरा वर्सं हाय. आन् मी शिकायचं ते तुमच्याकडून?"

मागे बसलेले हसले. मी हसले नाही. मी त्याला खुर्चीवर बसवलं, माऊस हातात दिला आणि सांगितलं, "अहो केरू, हा बाण त्या चौकटीवर न्या." बाण चौकट सोडून सगळीकडे गेला. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवची, महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीतली. मी महाडच्या बाजारपेठेतली, भांड्यांच्या दुकानवाल्यांची नीला. पुण्याला वर्षभर राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि त्या वर्षभरात माझी भाषा, चालणं आणि नाक तिन्ही बदलली होती. कंपनीने मला एका वर्षाच्या करारावर घेतलं. कँटीनशेजारच्या जुन्या स्टोअरमध्ये तीन कॉम्प्युटर मांडले आणि दारावर पाटी लावली, 'कामगार प्रशिक्षण कक्ष'. कामगार त्याला 'बाईंची बालवाडी' म्हणायचे.

या सगळ्यामागे पुण्याचे एक साहेब होते. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. जुन्या ऑपरेटरांना जे येतं ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं, एकेक नियम करून कॉम्प्युटरमध्ये भरायचं, मग कॉम्प्युटर प्रश्न विचारणार, समोरच्याने 'हो' किंवा 'नाही' दाबायचं आणि काय करायचं ते कॉम्प्युटरच सांगणार. साहेब म्हणायचे, "काल आलेला माणूसही अठरा वर्षांच्या अनुभवाने काम करेल." नोटीस बोर्डावर तेच जरा गोड करून लागलं होतं. जुन्यांनी कॉम्प्युटरला शिकवावं, स्वतःही कॉम्प्युटर शिकावा, काळाबरोबर राहावं. खाली बारीक अक्षरांत होतं की दिवाळीनंतर परीक्षा होईल, पास झालेले रिअॅक्टरच्या पॅनेलवर राहतील आणि बाकीच्यांची बदली ड्रम यार्डात होईल.

ड्रम यार्ड म्हणजे उन्हात उभं राहून रिकामी पिंपं धुवायची जागा. केरूने नोटीस वाचली, सावकाश, ओठ हलवत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पिंपं धुवायला मी डोंगर सोडून येनार नाय. त्यापरीस घरी बसंन." त्याची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरावर. चार म्हशी, थोडी नाचणी आणि ही नोकरी, एवढंच त्याचं होतं. घरी बसणं त्याला परवडणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून तो वर्गाला यायचा. पहिली पाळी संपली की हात धुऊन यायचा, खुर्चीच्या अगदी टोकावर बसायचा आणि एका बोटाने अक्षरं शोधायचा. 'रिअॅक्टर' हा शब्द टंकायला त्याला चार मिनिटं लागायची. चुकला की मी मागून म्हणायची, "डिलीट करा. पुन्हा." तो खोडायचा आणि पुन्हा करायचा. दुसऱ्यांना मी "चुकलं हं" म्हणायची, केरूला फक्त "डिलीट करा. पुन्हा." त्याने मला सगळ्यांसमोर वय विचारलं होतं, ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. महिपती नावाचा त्याचा जोडीदार एकदा म्हणाला, "बाई, जरा सबुरीनं, बापाच्या वयाचा हाय त्यो." मी म्हटलं, कॉम्प्युटरला वय कळत नाही. पुण्याचे साहेब हसले. मला त्यांचं हसणं फार आवडायचं तेव्हा.

ऑगस्टमध्ये नियम काढायला सुरुवात झाली. साहेब विचारायचे, ऑपरेटर सांगायचा, मी वहीत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायची आणि मग नीट भाषेत कॉम्प्युटरमध्ये टंकायची. केरू आला तेव्हा साहेबांनी विचारलं, तीन नंबरची बॅच कशी चालली आहे हे तुम्हाला कशावरून कळतं.

"वासावरनं," केरू म्हणाला.

"म्हणजे?"

"कैरीवानी आंबूस वास हाय तंवर चालू द्यायचं. हात लावायचा नाय. गोड वास यायला लागला, कुजक्या फनसावानी, म्हंजे बॅच उतरली."

"उतरली?"

"उतरली. मग काय ऱ्हायलं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कंपनीच्या कागदांवर बॅच 'उतरवतात', म्हणजे तयार झाली की रिअॅक्टरमधून खालच्या टाकीत काढून घेतात. कामगार आपसात 'बॅच सोडली' म्हणतात, पण ते मला कुठे माहीत, मी त्यांच्यात कधी चहाही प्यायले नव्हते. मी वहीत लिहिलं, 'गोड वास आला म्हणजे बॅच उतरली.' आणि कॉम्प्युटरमध्ये टंकलं, 'गोड वास आल्यास बॅच तयार. उतरवावी.'

साहेबांची एक शिस्त होती, ती चांगली होती. टंकलेला प्रत्येक नियम ज्याने सांगितला त्याला वाचून दाखवायचा आणि तो 'बरोबर' म्हणाला की समोर खूण करायची. केरूचे एकसष्ट नियम झाले. ते वाचून दाखवायचे म्हणजे दोन दुपारी त्याच्याजवळ बसायचं, त्याच्या अंगाला येणारा केमिकलचा आणि म्हशीचा वास घेत. त्याची पोलादपूरची गाडी सव्वापाचला असायची आणि मलाही थांबायची हौस नव्हती. मी एकसष्ट खुणा एका जागी बसून स्वतःच केल्या.

गणपतीत अर्धी कंपनी सुटीवर गेली. केरूही आठ दिवस वाडीवर होता. तीन नंबरवर डिप्लोमावाला प्रवीण होता, माझ्या वर्गातला सगळ्यांत हुशार. दुपारी रिअॅक्टरच्या नळाशी वास यायला लागला. कॉम्प्युटरने विचारलं, 'वास गोड आहे का?' प्रवीणने 'हो' दाबलं. कॉम्प्युटरने सांगितलं, 'बॅच तयार. उतरवावी.' त्याने उतरवली.

खालच्या टाकीत आधीच्या चांगल्या बॅचचा माल होता. दोन्ही एकत्र झाल्यावर धूर उठला. प्रवीणच्या डोळ्यांत गेला. तीन दिवस तो दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता. नजर वाचली, पण ते तिसऱ्या दिवशी कळलं. मी बघायला गेले तेव्हा पट्टीआडून म्हणाला, "मॅडम, मला जरा शंका आली होती. केरूमामा असते तर त्यांना विचारलं असतं. पण ते तर कॉम्प्युटरमध्येच होते ना."

मला रडू आलं, आणि मग त्या रडण्याचा राग झाला. राग केरूवर. ऑफिसातही सगळ्यांचं तेच मत पडलं. पुण्याचे साहेब म्हणाले, "मशीन स्वतःहून काही बोलत नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने सांगितलं." मॅनेजर म्हणाले, "म्हाताऱ्याने मुद्दाम उलटं सांगितलं. नोटीस लागल्यापासून त्याच्या मनात होतंच." मी वही उघडून दाखवली. माझ्याच अक्षरात, त्याचेच शब्द. हा माणूस आम्हाला तोंडावर फसवून गेला याची मला तेव्हा शंभर टक्के खात्री होती. खोटं बोलत नाही, मला त्या खात्रीचं समाधानही वाटत होतं.

जबाब तयार झाला. मीच टंकला. 'कुजक्या फणसासारखा गोड वास आला म्हणजे बॅच उतरली, असे मी स्वतः सांगितले होते व माझ्या सांगण्यानुसारच नोंद झाली आहे.' खाली केरूच्या सहीची जागा. सही झाली की चौकशी, चौकशी झाली की त्याला काढणार, ड्रम यार्डसुद्धा नाही. मॅनेजर मला म्हणाले, "तो सुटी वाढवून बसला आहे, म्हणजे समजलं काय ते. तुम्ही त्याच्या शिक्षिका, तुम्हीच सही घेऊन या. आणि हो, तुमच्या कायम ऑर्डरचं मी बघतो." दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी पोलादपूरला उतरले. तिथून वाडी दीड तासाची चढण. चिखलात माझी चप्पल दोनदा तुटली आणि प्रत्येक वेळी मी केरूला शिव्या घातल्या. जबाब, वही आणि टंकलेल्या नियमांची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरून मी वर पोचले तेव्हा तो अंगणात म्हशीच्या पायाला हळद लावत बसला होता. म्हैस पाय मुरगळून पडली होती, म्हणून सुटी वाढवली होती. कंपनीला निरोप धाडला होता, तो कोणी पोचवला नव्हता.

त्याने मला पाहिलं आणि उठलाही नाही. "बालवाडी आता घरी आली काय?"

"सही पाहिजे," मी म्हटलं.

त्याची बायको अंबूबाई बाहेर आली. तिने माझे पाय बघितले, पाणी दिलं आणि ओट्यावर बसायला गोणपाट टाकलं. "जेवून जावा गो बाय, चढून आलाव," ती म्हणाली. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही, आत जाऊन भाकरी थापायला लागली. चुलीजवळचं दार उघडंच होतं, ओट्यावरून सगळं दिसत होतं.

केरूने हात धुतले, धोतराला पुसले आणि कागद घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याने तो वाचला. माझ्या वर्गात बसायचा तसाच, ओट्याच्या टोकावर बसून. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता घाबरेल, आता चिडेल, आता म्हणेल की मी असं बोललोच नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला.

"काय?"

"बराबर लिवलंय. मी हेच सांगितलं व्हतं." त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "प्रवीणचं कळलं मला. महिपती सांगून गेला. पोराचे डोळे बरे हायत ना?"

"आहेत."

"मी एवढं सांगून ठेवलं, तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या पेटीत लिवून ठेवलं, तरी पोरानं ऐकलं कसं नाय? एवढा शिकलेला." त्याने माझ्याकडे हात पुढे केला. "पेन द्या. करतो सही. माझा सबूद हाय तसा लिवलात, ह्ये बरं केलात."

मला काही समजेना. एवढा निगरगट्ट माणूस मी पाहिला नव्हता. मी पेन दिलं. त्याने टोपण काढलं, सही कुठे करायची ती जागा बोटाने शोधली.

आत अंबूबाईने एका टोपावरचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि टोप बाजूला सरकवला. "वालाचं कालवण व्हतं कालचं," ती मला सांगायला लागली, "पर त्ये उतरलं. थांबा, ठेचा देते."

"काय झालं त्याला?" मी विचारलं.

"उतरलं गो."

"म्हणजे काय झालं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टोप घेऊन बाहेर आली आणि माझ्या नाकाखाली धरला. गोडसर, आंबट वास आला. "उतरलं म्हंजे विटलं. खराब झालं. तुमच्या म्हाडात काय बोलतात?"

केरूने 'के' काढला होता, पेन 'रू'वर होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो झटकला.

"सही करू नका," मी म्हटलं.

"का? माझाच सबूद हाय."

"तुमचाच आहे. पण ऑफिसात तो वेगळा वाचतील."

"वेगळा म्हंजे कसा? मराठीत तर हाय."

इथून उठून, तुटकी चप्पल हातात घेऊन, अर्धी सही झालेला कागद घेऊन खाली गेले असते तर कोणालाही काही कळलं नसतं. तो खरं बोलला होता, कागदही खरा होता, वहीही खरी होती. खोटं होतं ते फक्त मी टंकलेलं एक वाक्य आणि मी केलेल्या एकसष्ट खुणा. अंबूबाई टोप हातात धरून तशीच उभी होती.

"तुम्ही म्हणालात बॅच उतरली, म्हणजे नासली," मी म्हटलं. "मी लिहिलं, बॅच तयार झाली. काढून घ्या. प्रवीणने पेटीचं ऐकलं. पेटीत चुकीचं होतं. ते मी घातलं."

केरूने पेनाचं टोपण जागेवर बसवलं. मग कागद पुन्हा एकदा वाचला, पहिल्यापासून, बोट ठेवत, आणि या वेळी 'उतरली'वर त्याचं बोट थांबून राहिलं.

"आन् ह्येवर माझी सही घेऊन माझं काय करनार व्हते?" त्याने विचारलं.

"काढणार होते."

अंबूबाईने टोप खाली ठेवला. "ह्येच घ्यायला तुमी एवढा डोंगर चढलाव?" तिने आत जाऊन तवा चुलीवरून उतरवला. थापलेली भाकरी परातीतच राहिली. तिने मला पुन्हा जेवायचं विचारलं नाही, आणि मला तिचा राग आला नाही. मला माझी लाज वाटली, इतकी की कान गरम झाले.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या नावाने लिहून काढलं. केरूने काय सांगितलं, त्यांच्या वाडीत त्याचा अर्थ काय, मी काय टंकलं, वाचून दाखवलं नाही, खुणा मी केल्या. खाली सही केली. त्या कागदाने सोमवारी माझी नोकरी गेली आणि तीन नंबरचं पॅनेल केरूकडे राहिलं. परीक्षाही रद्द झाली. पुण्याचे साहेब मला जाताना म्हणाले, असल्या बारीक गोष्टी तोंडी सांगायच्या असतात, लिहून द्यायच्या नसतात. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला फक्त तिथून निघायचं होतं. मी पिशवी उचलली, तुटकी चप्पल घेतली.

"बसा," केरू म्हणाला.

"माझी गाडी आहे."

"दुसरी हाय साडेचारला. बसा." तो आवाज मी ओळखला. वर्गातला माझाच होता. "त्या वहीत माझं किती हाय?"

"एकसष्ट नियम."

"सगळे तुमी तुमच्या मराठीत घातलाव पेटीत?"

"हो."

"आन् उद्या दुसऱ्या कोनाचे डोळे जातील." त्याने गोणपाट माझ्या बाजूला सरकवलं. स्वतः ओट्याच्या टोकावर बसायचा तो आता भिंतीला टेकून, पाय पसरून बसला. "वाचा. मी बोललो त्ये वाचा, मग तुमी काय घातलाव त्ये वाचा."

मी वही उघडली, शेजारी छापील प्रत ठेवली. पहिला नियम बरोबर निघाला. तो नुसता "हं" म्हणाला. दुसराही. तिसरा मी वाचला, 'पंप जड चालला की थोडं थांबावं,' आणि टंकलं होतं, 'पंप जड चालल्यास बंद करावा.'

केरूने डोळे मिटले होते. ते न उघडताच तो म्हणाला, "थांबावं म्हंजे मानसानं थांबावं. पंप नाय बंद करायचा. पंप बंद केलात तर मागचं सगळं फुटंल. डिलीट करा. पुन्ना."

मी ते वाक्य खोडलं आणि त्याने सांगितलं तसं खाली लिहिलं. मग चौथा नियम वाचायला घेतला.